बिशपांची छोटी गोल टोपी: ती का घालतात आणि कधी उतरवतात

रोममध्ये संत पीटरच्या चौकात होणारी मोठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, टीव्हीवर पाहताना एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. वेदीजवळ रांगेने बसलेल्या बिशपांच्या डोक्यावर जांभळट टोप्या असतात, कार्डिनलांच्या, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या, डोक्यावर लाल आणि पोपच्या डोक्यावर पांढरी. मिस्सा मध्यावर येते आणि या सगळ्या टोप्या जवळजवळ एकाच वेळी डोक्यावरून नाहीशा होतात. कोणी ती हातात धरतो, कोणी बाजूला ठेवतो, पोपची टोपी शेजारी उभा असलेला सेवक अलगद उचलून नेतो. बऱ्याच वेळाने, ख्रिस्तशरीराचं, म्हणजे पवित्र भाकरीचं, वाटप झालं की टोप्या परत डोक्यावर येतात. समालोचक यावर क्वचितच बोलतो. या टोपीबद्दल समजून घेण्यासारखं जे काही आहे, त्यातलं निम्मं त्या मधल्या वेळात आहे असं मला वाटतं.

टोपीचं प्रचलित नाव झुकेट्टो. हा इटालियन शब्द. लॅटिन ग्रंथांत तिला पिलेओलुस म्हणतात, फ्रेंचमध्ये कालोट आणि स्पॅनिशमध्ये सोलिदेओ. मराठीत वेगळं नाव रुळलेलं नाही, त्यामुळे झुकेट्टो किंवा नुसतं टोपी म्हटलं तरी भागतं.

शिवण अगदी साधी असते. कापडाच्या आठ तिकोनी कळ्या कापून टोकाशी टोक जुळवून शिवल्या की उथळ घुमटासारखा आकार येतो. आठही टोकं जिथे भेटतात तिथे रेशमी दोऱ्याचं छोटं बोंड किंवा फास असतो. तो शोभेचा वाटतो, पण कामाचाही आहे: दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपी केसांना हात न लावता उचलायची तर धरायला काहीतरी हवंच. आत अस्तर असतं, आणि टोपी घसरू नये म्हणून पुष्कळदा मऊ चामड्याचा किंवा मखमलीचा आधार. तरीही ती घसरते, उडते. विमानाच्या जिन्यावरून उतरताना पोपनी टोपी काढून हातात धरलेली दिसते, ती याच भीतीने.

सुरुवात गारठ्यापासून

धर्मातल्या कुठल्याही वस्तूला आपण आधी गूढ अर्थ चिकटवायला जातो. या टोपीचा उगम मात्र निव्वळ व्यावहारिक आहे. मध्ययुगात पाश्चात्त्य चर्चमधला माणूस धर्मसेवेत शिरला की त्याच्या डोक्याचा मधला भाग भादरला जायचा. अनेक मठांत तर टाळू पूर्ण मोकळी करून भोवती केसांचं फक्त एक कडं ठेवत. संसाराचा मोह सोडल्याची ही उघड खूण होती. पण टाळूवर केस नाहीत, चर्च दगडी, ऊब आणायची सोय नाही आणि पहाट व्हायच्या कितीतरी आधी उठून प्रार्थना म्हणायच्या, म्हटल्यावर डोकं गारठणारच. जेवढा भाग भादरलेला तेवढाच झाकणारी टोपी हा त्यावरचा सरळ उपाय.

भादरण्याची ही प्रथा पुढे पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली बंद केली आणि १९७३ च्या पहिल्या दिवसापासून तो बदल लागू झाला. कारण संपलं, टोपी मात्र राहिली. तोवर तिला रंग मिळाले होते, रंगांना दर्जा मिळाला होता आणि ती घालण्या-काढण्याचे नियम पोथीत लिहिले गेले होते. तिचं मूळ काम आता फक्त टक्कल असलेल्या बिशपांना उरलं असेल.

तिचं आणखी एक काम अजूनही चालू आहे. बिशप विधीच्या वेळी जो उंच, दोन टोकांचा मुकुट घालतात, त्याला मायटर म्हणतात. मायटरच्या खाली झुकेट्टो असते. ती घाम टिपते आणि मायटर डोक्यावर जरा घट्ट बसतो. विधीत मायटर अनेकदा चढतो-उतरतो, आणि तो उतरला की खाली टोपी दिसते. नवख्या प्रेक्षकाला वाटतं की बिशपांनी एक काढून दुसरं घातलं. प्रत्यक्षात ती पहिल्यापासून तिथेच असते.

कोणाचा रंग कोणता

पोप पांढरी घालतात, कार्डिनल लाल, बिशप आणि आर्चबिशप जांभळट. या शेवटच्या रंगाला जांभळा म्हणायची सवय असली तरी तो गडद जांभळा नसून लालसर, राजगिऱ्याच्या तुऱ्याकडे झुकणारा आहे. साध्या धर्मगुरूंना काळी टोपी घालण्याची मुभा आहे, पण घालणारे विरळा. म्हणून आपल्या ओळखीच्या फादरांच्या डोक्यावर ती कधी दिसली नसेल तर त्यात नवल नाही.

ही विभागणी एका दिवसात ठरलेली नाही. कार्डिनलांचा लाल रंग आधी आला, तोही मोठ्या टोपावर. १२४५ साली लियोंच्या धर्मसभेच्या काळात पोप इनोसंट चौथे यांनी कार्डिनलांना रुंद काठाचा लाल टोप दिला. त्याला गालेरो म्हणत. छोट्या लाल टोपीचा मान पंधराव्या शतकात, पोप पॉल दुसरे यांच्या वेळी मिळाला. जे कार्डिनल फ्रान्सिस्कन किंवा डॉमिनिकन अशा संन्यस्त संघांतून आले होते, त्यांना लाल टोपीसाठी १५९१ पर्यंत थांबावं लागलं. बिशपांना जांभळट झुकेट्टो मिळाली ती पोप नववे पायस यांच्याकडून, १८६७ साली. म्हणजे ज्याला आपण प्राचीन परंपरा समजतो, तो बिशपांच्या टोपीचा रंग जेमतेम दीडशे वर्षांचा आहे.

लाल रंगाचा अर्थ कार्डिनलांना तो मिळतानाच सांगितला जातो: श्रद्धेसाठी रक्त सांडण्याची वेळ आली तरी तयारी हवी. नव्या कार्डिनलांच्या नेमणुकीच्या सोहळ्यात पोप लाल बिरेटा त्यांच्या डोक्यावर ठेवतात तेव्हा हे शब्द उच्चारले जातात. बिरेटा म्हणजे चौकोनी, वर उभ्या कडा असलेली कडक टोपी. तिच्याही खाली झुकेट्टो असतेच.

पांढऱ्याबद्दल एक गोष्ट सारखी सांगितली जाते. १५६६ मध्ये डॉमिनिकन संघाचे पायस पाचवे पोप झाले, त्यांनी आपला संघाचा पांढरा झगा सोडला नाही आणि तेव्हापासून पोप पांढऱ्यात दिसू लागले, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे, पण पोपच्या पोशाखात पांढरा त्याच्या कितीतरी आधीपासून होता. शिवाय पांढरी झुकेट्टो म्हणजे पोपच, असंही नाही. नॉर्बर्टाइन संघाचे मठाधिपती पांढरीच टोपी घालतात, कारण त्यांच्या संघाचा झगाच पांढरा आहे.

आणि २०१३ नंतर तर काही वर्षं पांढऱ्या टोपीतली दोन माणसं एकाच वेळी व्हॅटिकनमध्ये राहत होती. बेनेडिक्ट सोळावे यांनी २८ फेब्रुवारी २०१३ ला पद सोडलं, पण पांढरा झगा आणि पांढरी टोपी ठेवली. २३ मार्चला कास्तेल गांदोल्फोला नवे पोप फ्रान्सिस त्यांना भेटायला गेले, तेव्हाच्या छायाचित्रात दोघेही पांढऱ्यात आहेत. पद सोडलेल्या पोपनी काय घालावं यावर चर्चमध्ये तेव्हा बराच खल झाला. काहींचं म्हणणं होतं की त्यांनी परत कार्डिनलांची लाल टोपी घालायला हवी होती. मला तो आक्षेप अगदीच फुकाचा वाटत नाही. रंगावरून पद ओळखायचं ठरवलं असेल तर पद गेल्यावर रंग ठेवल्याने गोंधळ होणारच.

टोपी उतरते तेव्हा

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. मिस्सा चालवताना बिशपांनी काय करावं याचं तपशीलवार पुस्तक आहे, त्याची आजची आवृत्ती १९८४ ची. त्यात या टोपीचंही वेळापत्रक दिलं आहे. मिस्सेच्या सुरुवातीपासून बिशप टोपीतच असतात. बायबलची वाचनं होतात, टोपी असते. शुभवर्तमान वाचताना मायटर उतरतो, टोपी राहते. प्रवचन होतं, भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतो, त्यावरची प्रार्थना होते. आणि मग, महान उपकारस्तुती, म्हणजे मिस्सेची मुख्य प्रार्थना, सुरू व्हायच्या अगदी आधी, साहाय्यक बिशपांची टोपी काढून घेतो. ती परत डोक्यावर येते ती ख्रिस्तशरीराचं वाटप उरकून बिशप आपल्या आसनावर परतल्यावर.

या मधल्या वेळात काय घडतं हे कळलं की नियम आपोआप कळतो. कॅथलिक श्रद्धेनुसार याच भागात भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. म्हणजे ख्रिस्त स्वतः वेदीवर उपस्थित असतो. त्याच्यासमोर बिशप, कार्डिनल आणि पोप सगळे बोडक्या डोक्याने उभे राहतात. दर्जा दाखवणारी खूण इतर वेळी ठीक, पण जिथे सगळ्यांहून मोठा समोर आहे तिथे ती बाजूला ठेवायची, असा याचा सरळ अर्थ. स्पॅनिश लोक टोपीला जे नाव देतात, ते ‘फक्त देवापुढे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरूनच आलेलं आहे.

मिस्सेबाहेरही हाच न्याय लागतो. पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सेत पवित्र झालेली भाकर, आराधनेसाठी वेदीवर मांडला असेल किंवा मिरवणुकीने नेला जात असेल, तर टोपी नाही. उत्तम शुक्रवारी क्रूसाला वंदन करायला बिशप पुढे जातात तेव्हाही टोपी नाही.

माणसांमधला शिष्टाचार त्यानंतर येतो. पोप समोर आले की कार्डिनल आणि बिशप टोपी काढून अभिवादन करतात. पोप मात्र कोणाही माणसापुढे ती काढत नाहीत. राजे-राष्ट्राध्यक्षांच्या भेटींची छायाचित्रं पाहा, पांढरी टोपी जागेवर असते.

साध्या धर्मगुरूंना मिस्सा अर्पण करताना टोपी घालायची मोकळीक पूर्वीही नव्हती. १९१७ च्या कॅनन कायदासंहितेत तसं स्पष्ट कलमच होतं, क्रमांक ८११: मिस्सा अर्पण करणाऱ्याने टोपी आणि अंगठी घालू नये, कार्डिनल, बिशप किंवा आशीर्वादित मठाधिपती असेल तर गोष्ट वेगळी, किंवा रोमकडून खास परवानगी असेल तर. म्हाताऱ्या, सर्दीने बेजार धर्मगुरूलासुद्धा टोपी हवी तर रोमकडे अर्ज. आज हे हास्यास्पद वाटेल, पण त्यामागचा विचार वरचाच होता.

तो विचार जुनाही आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने प्रार्थना करताना मस्तक झाकू नये असं म्हटलं आहे. युरोपात टोपी काढणं हीच आदराची रीत होती, त्यामुळे हे सहज पचलं. जिथे रीत उलटी होती तिथे काय झालं, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो.

सोळाव्या शतकाच्या शेवटी जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू चीनमध्ये पोचले. तिथे प्रतिष्ठित माणूस मोठ्यांसमोर उघड्या डोक्याने जात नसे. बोडकं डोकं हा अपमान समजला जाई. युरोपात आदर म्हणून जे केलं जायचं ते तिथल्या लोकांना धडधडीत अनादर वाटलं असतं. जेझुइटांनी रोमला हे कळवलं आणि १६१५ साली पोप पॉल पाचवे यांनी चीनमधल्या धर्मगुरूंना डोकं झाकून मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली. त्यासाठी तिथे एक खास उभट टोपी तयार झाली आणि ती कित्येक पिढ्या वापरात राहिली. आदर दाखवायचा हे पक्कं होतं, तो टोपी काढून की घालून, हे मात्र समाज पाहून ठरलं.

यामुळे ज्यू धर्मीयांच्या टोपीशी होणाऱ्या तुलनेचंही उत्तर मिळतं. दोन्ही टोप्या दिसायला इतक्या सारख्या की पोपनी ज्यूंची किप्पा का घातली आहे, असं विचारणारे अनेक भेटतात. पण ज्यू पुरुष देवाच्या आदरापोटी डोकं झाकतो. प्रार्थनेच्या वेळी तर आवर्जून. कॅथलिक बिशप त्याच आदरापोटी डोकं उघडं करतो. शिवाय किप्पा कोणीही घालू शकतो आणि तिचा रंग पद सांगत नाही. एकीतून दुसरी निघाली असं मानायचीही गरज नाही. डोक्याचा वरचा भाग झाकायला माणसं जगभर गोल टोपीच शिवत आली आहेत.

बाकीच्या टोप्या, थोडक्यात

मायटर आणि बिरेटा वर आलेच. गालेरो आता कोणी घालत नाही. पॉल सहावे यांच्या काळात, १९६९ च्या सूचनेने चर्चच्या वरिष्ठांचा पोशाख बराच आटोपशीर झाला, त्यात तो गेला. तो चिन्हांवर तेवढा शिल्लक आहे: कार्डिनलांच्या मानचिन्हावर लाल टोप आणि दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गोंडे असतात. काही जुन्या कॅथेड्रलांत दिवंगत कार्डिनलांचे गालेरो छताला टांगलेले दिसतात. ते खाली काढत नाहीत, कुजून आपोआप पडेपर्यंत तसेच राहू देतात.

आणखी एक आहे कामाउरो: लाल मखमलीची, पांढऱ्या फरची कड असलेली, कानापर्यंत येणारी पोपची हिवाळी टोपी. राफाएलने काढलेल्या पोप ज्युलियस दुसरे यांच्या चित्रात ती नीट दिसते. विसाव्या शतकात जॉन तेविसावे ती घालत, नंतर ती विसरली गेली. २००५ च्या डिसेंबरात बेनेडिक्ट सोळावे ती घालून चौकात आले आणि दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना सांताक्लॉज ठरवलं. त्यांनी ती बहुधा कानाला थंडी लागू नये म्हणूनच घातली होती.

हातोहात फिरणारी टोपी

बुधवारच्या सार्वजनिक भेटीत पोपची गाडी गर्दीतून जाते तेव्हा लोक नवी कोरी पांढरी झुकेट्टो पुढे करतात. ती रोममध्ये धार्मिक कपड्यांच्या दुकानांत मिळते. त्यांतलं पँथियनच्या मागचं गामारेली हे १७९८ पासूनचं. पोपना वाटलं आणि माप जुळलं, तर ते नवी टोपी डोक्यावर घेतात आणि आधीची समोरच्याला देतात. कधी नुसती क्षणभर घालून परत करतात. लहान मुलांना पोपजवळ उचलून नेलं की त्यांचा पहिला हात टोपीवरच जातो आणि छायाचित्रकारांची चंगळ होते. मिस्सेतल्या कडक वेळापत्रकानंतर हा सगळा मोकळेपणा पाहिला की बरं वाटतं.

देण्याघेण्याची दुसरी रीत बंद दाराआड घडते. नवा पोप निवडला गेला आणि त्याने होकार दिला की तो सिस्टिन चॅपेललगतच्या छोट्या खोलीत जातो. तिथे तीन मापांचे पांढरे कपडे तयार ठेवलेले असतात. कार्डिनल म्हणून आजवर घातलेली लाल टोपी आता त्याच्या उपयोगाची नसते. तिचं काय करायचं? १९५८ मध्ये जॉन तेविसावे यांनी ती निवडणूक सभेचे सचिव अल्बेर्तो दी योरी यांच्या डोक्यावर ठेवली. ही तुला कार्डिनल करणार आहे, याची ती खूण होती, आणि त्याच वर्षी दी योरी कार्डिनल झाले. त्यानंतर ही रीत मागे पडली. १३ मार्च २०१३ ला पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा उचलली आणि आपली लाल टोपी त्या वेळचे सचिव लोरेंझो बाल्दिस्सेरी यांच्या डोक्यावर ठेवली. अधिकृत नेमणूक तेव्हा झालेली नव्हती, त्यासाठी कार्डिनलांचा रीतसर सोहळा लागतो. तो २०१४ च्या फेब्रुवारीत झाला आणि नव्या कार्डिनलांच्या यादीत बाल्दिस्सेरी यांचं नाव होतं.